मुक्काम वाढवला आहे

या रविवारी फोन वाजला नाही.

दर्शनाने भाकरी तव्यावर टाकली आणि पिठाच्या हातानेच पालथा पडलेला फोन सुलटा केला. सव्वाआठ होऊन गेले होते. गेले तेरा रविवार याच वेळेला, चहाचं आधण उतरवता उतरवता, तो टिंग करून वाजायचा आणि त्यावर तीच ओळ यायची: ‘स्वरूप यांनी आपला मुक्काम सात रात्रींनी वाढवला आहे.’ खाली एक हसरं पिवळं तोंड, आणि ‘पाहुण्यांचं पुन्हा स्वागत करा!’ ज्या कुणी यंत्राला हे वाक्य शिकवलं असेल त्याला काय ठाऊक, की स्वरूप जुलैच्या शेवटच्या शनिवारी आंधळ्या कोंडीत, कड्याखालच्या त्या खोल डोहात, गेला तो वर आलाच नाही, आणि मुक्काम वाढवते ती त्याची आई, जयाताई, पोराच्या फोनवरून, पोराच्याच नावाने. पहिल्या दोन-तीन रविवारी ते नाव बघता बघता दर्शनाची भाकरी करपायची. माणूस कशालाही सरावतं म्हणतात, तशी मग ती सरावली. सरावली म्हणजे काय, तर नाव अर्धंच वाचून फोन पालथा घालायची, भाकरी करपायची नाही. आज नाव आलं नाही आणि धुराचा वास आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की तव्यावरचं काळं पडलंय.

फोन न वाजायला कारण तीच होती. काल दुपारी जयाताईंच्या भावाचा, धनेशचा, डोंबिवलीहून फोन आला होता. “वहिनी, तुम्ही भली माणसं आहात, पण तुमच्या भलेपणानेच ती तिकडे अडकून बसलीय. मी सांगून थकलो. शाळेतली तिची बिनपगारी रजासुद्धा आता संपत आली. तुम्ही एवढंच करा, तिला सांगा की खोली रिकामी नाही, दुसऱ्यांचं बुकिंग आहे. उद्या अकरापर्यंत मी गाडी घेऊन येतो.” दर्शना “बरं” म्हणाली. इतक्या झटकन म्हणाली की तिची तिलाच लाज वाटली. मग तिने मुरबाडला होस्टेलवर असलेल्या मुलीला, कुणालीला, फोन लावला. पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या खोल्यांचा सगळा कारभार फोनवर चढवून देणारी कुणालीच. पोरगी तर वाटच बघत होती. “आई, मी तुला गणपतीपासून सांगतेय. दोन रात्रीचा पाहुणा नि तीन महिन्यांचा पाहुणा एक नसतो गो. महिन्यावर गेला की तो भाडेकरू होतो, मग कागद करायला लागतो, पोलीस पाटलाला कळवायला लागतं. उद्या ती बाई खोली सोडायला नाय म्हणाली तर तू काय करशील?” आणि तिने उद्यापासूनच्या सगळ्या तारखा बंद करून टाकल्या. “आता त्यांच्याकडून वाढणारच नाय,” म्हणाली. जयाताईंना तोंडावर सांगायची वेळही आली नाही. सकाळी त्यांनी फोन उघडला असेल, तारखांवर बोट ठेवलं असेल, आणि तारखांनीच त्यांना नाही म्हटलं असेल. सांगण्याची जी कामं जिवावर येतात ती हल्ली अशी न सांगता होतात, आणि माणूस कुणाच्या नजरेला नजर न देता मोकळा होतो.

मोकळं मात्र वाटत नव्हतं. दुसरी भाकरी थापताना तिने कान मागच्या खोलीकडे लावला. पंखा बंद झाला. कपाटाचं दार कुरकुरलं. म्हणजे बॅग भरणं चाललं होतं. त्या खोलीतला एकेक आवाज आता दर्शनाला तोंडपाठ होता. लांबच्या मुक्कामाचं हेच असतं. दोन दिवसांचा पाहुणा येतो, दंगा करतो, टॉवेल ओला टाकून जातो, त्याचं नावही आठवड्याने आठवत नाही. राहिलेला पाहुणा मात्र घराच्या अंगात मुरतो. गणपतीच्या सुमारास जयाताई आपलं ताट आपण घासायला लागल्या. नवरात्रात मीठ संपलं तर ते कुठल्या बरणीत ठेवलंय हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. दर्शनाचा नवरा गणू टेम्पोत भाजी भरून कल्याणच्या मार्केटला निघाला की “सावकाश जा हो” असं ओट्यावरून म्हणायच्या, आणि घरच्या बायकोचं कधी न ऐकणारा गणू त्यांना मात्र मान डोलावायचा. दर्शनाने पाहुण्यांसाठी स्वतःचे काही नियम केले होते: चादर तिसऱ्या दिवशी, पाण्याचा जार सकाळी, जेवणाचं आदल्या संध्याकाळी सांगायचं. पहिल्याच आठवड्यात ती चादर बदलायला गेली तर जयाताईंनी उशीवर हात ठेवला. “ही राहू द्या,” म्हणाल्या. बाकीचं सगळं धुतलं गेलं. तो उशीचा अभ्रा चौदा आठवडे तसाच होता, आणि असल्या पाहुण्यासाठी काय नियम असतो ते कुणालीच्या फोनमध्येही कुठे लिहिलेलं नव्हतं. शेजारच्या खोलीत श्रावणात ठाण्याची, भिवंडीची पोरं यायची, धबधब्यावरून भिजून यायची, मोठ्याने गाणी लावायची. दर्शना धावत जाऊन आवाज कमी करा म्हणून सांगायची. “लावू द्या हो,” जयाताई म्हणायच्या, “तोसुद्धा असाच मोठ्याने लावायचा.”

त्या काय करतात दिवसभर, असं गावातल्या, वैशाखऱ्यातल्या, बायका सुरुवातीला विचारायच्या. करायच्या काही नाही. सकाळी नऊला पायात गावठी चप्पल घालून वर जायच्या. गावामागचा चढ, मग सपाटी, मग दोन वाटा फुटतात ती जागा. तिथे डाव्या वाटेवर दगडाखाली एक डहाळी ठेवलेली असते. त्या डहाळीसमोर बसायच्या. बाराला परत यायच्या. डाव्या वाटेने कोंडीपर्यंत त्या एकदाही गेल्या नाहीत. गावाला वाटायचं, बाई पोराच्या देहाची वाट बघते, पाणी उतरलं की काहीतरी मिळेल या आशेवर आहे. शोध घेणारे दोरबीर घेऊन सहा दिवस कोंडीत उतरले आणि त्यांना एक बूट मिळाला. आता दिवाळीही झाली, पाणी उतरलं, कोंडीचे काळे खडक उघडे पडले आणि तरी काही मिळालं नाही. पण बाई बसायची ती कोंडीसमोर नाही, डहाळीसमोर, हे फक्त दर्शनाला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच तिला जेवण जात नव्हतं.

डहाळीचं तिला तिच्या आईने शिकवलं होतं. दर्शनाचं माहेर डोळखांबच्या अंगाला, पाड्यापाड्यांच्या रानात. तिथे पाटी लावायला कोण येतंय? पावसात एखादी वाट ढासळली, कुठे दगड सुटला, कुठे कडा पोकळ झाला की ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने एक हिरवी डहाळी तोडायची आणि वाटेवर आडवी ठेवून वर दगड ठेवायचा. येणाऱ्याने समजायचं की पुढे जाण्यात राम नाही. सुकली की जो कोणी जाईल त्याने नवी ठेवायची. आणि ज्याला पुढे जायचंच आहे, वाटेची खोड माहीत आहे, त्यानेही ती ओलांडायची नाही. ओलांडलेली डहाळी मरते, मग ती कुणाला अडवत नाही, असं आई म्हणायची. दगड बाजूला करायचा, डहाळी उचलून कडेला ठेवायची, आपलं काम करायचं आणि परतताना होती तशी ठेवायची. नऊ वर्षांची असताना दर्शना एकदा करवंदांच्या नादात ठेवायची विसरली. आईने अर्ध्या वाटेवरून तिला फरफटत परत नेलं, तिच्या हाताने डहाळी ठेववली आणि मग तिथेच मुस्काटात मारली. “उचलली तर ठेवायची. मेलीस तरी ठेवायची.” त्यानंतर छत्तीस वर्षं तिच्या हाताने एकदाही चूक केली नाही. हाताला ते इतकं पाठ झालं की डोक्याला त्यात लक्ष घालावं लागेना. हात करतोच आहे म्हटल्यावर डोकं बघत नाही, आणि सगळी गोम तिथेच होती.

जुलैचा तो शुक्रवार. तिघं पोरं दुपारी दोनला येणार होती आणि त्यांना रानभाजी खायची हौस होती. करटोली चांगली मिळतात ती डाव्या वाटेला, डहाळीच्या पुढे, कडा सुरू व्हायच्या आधी. दर्शना साडेअकराला वर गेली. दगड सरकवला, डहाळी उचलून करवंदीच्या जाळीला टेकवली आणि पुढे गेली. ओटीत करटोली भरत आली तेव्हा फोन वाजला. गावात रेंज येते-जाते, वर सपाटीवर मात्र पूर्ण येते. फोनवर नाव आलं: स्वरूप. “काकू, आम्ही जरा लवकरच पोचलो. गेटला कुलूप आहे आणि आम्ही तिघं कुत्र्यासारखे भिजलोय,” आणि मागे दोघांचं हसणं. “आले आले, पाच मिंटात आले,” ती म्हणाली. धंद्यात पाहुणा दारात उभा राहता कामा नये. ती ओढ्याच्या अंगाने, जवळच्या वाटेने, घसरत, धावत खाली आली. दोन वाटा फुटतात त्या जागेवरून ती परतलीच नाही. संध्याकाळी पोरं ओट्यावर बसून चहा पीत होती. स्वरूपने विचारलं, “काकू, वर काय बघण्यासारखं आहे?” तिने सगळं नीट सांगितलं, कसलीही कसूर न करता सांगितलं. “वर सपाटीवरून दरी दिसते, तिथवर जा. पुढं दोन वाटा फुटतात. डाव्या वाटेवर दगडाखाली डहाळी ठेवलेली दिसंल. ती दिसली की पुढं पाय टाकायचा नाय. पुढं आंधळी कोंड हाय, कडा पोकळ झालाय.” आणि हे बोलता बोलता तिला आत कुठेतरी टोचलं: ठेवली ना आपण? ठेवली असणार. हात ठेवतोच. भजी तळायची होती, तेल तापलं होतं. ती उठली.

सकाळी सहाला दोघं मित्र झोपलेले असताना तो एकटाच छत्री घेऊन वर गेला, फोन खोलीत चार्जिंगला लावून. नऊ वाजले तरी आला नाही म्हणताच दर्शना निघाली. पोश्या, वाडीवरचा, त्यांच्या शेतावर कामाला येणारा, तिच्या मागोमाग होता. मित्र बूट घालीत मागे राहिले. ती सगळ्यांच्या पुढे होती. दोन वाटा फुटतात तिथे पोचली आणि बघते तो दगड बाजूला आणि वाट मोकळी. वर जांभळाचं झाड दाट असल्यामुळे तिथे पाऊस थेट पडत नाही, त्यामुळे चिखलात बुटांचे ठसे स्वच्छ होते. ठसे सरळ पुढे गेले नव्हते. पोरगा तिथे थांबला होता. दोन्ही पाय जोडून उभा राहिला होता. मग दगडाभोवती फिरला होता, दोनदा, उजव्या वाटेवर चार पावलं जाऊन परत आला होता, काहीतरी शोधत. आणि शोधलेलं न मिळाल्यावर, बिनघोर, डाव्या वाटेने गेला होता. हे सगळं दर्शनाला एका नजरेत दिसलं, आणि तिच्या हातांनी करवंदीच्या जाळीला टेकवलेली डहाळी उचलली, त्या ठशांवर आडवी ठेवली आणि तिच्यावर दगड ठेवला. मग मित्र आले, गाव आलं, दुपारी पोलीस आले. चिखलाचा काला झाला. सगळ्यांनी जागेवर डहाळी बघितली आणि सगळे एकच म्हणाले, एवढं सांगून पोरगा ओलांडून गेला.

ते हातांनी सवयीने केलं की तिने जाणूनबुजून? हा प्रश्न तिने स्वतःला या तीन महिन्यांत किती वेळा विचारला याची गणती नाही. भात लावताना विचारला, गौरी बसवताना विचारला, भात कापताना विळा हातात थांबवून विचारला. कधी वाटायचं, आईची ती मुस्काटात, छत्तीस वर्षांची सवय, हात आपोआप गेले, यात माझा काय गुन्हा. कधी वाटायचं, हात आपोआप गेले असते तर ते नेहमीच्या जागी गेले असते. डहाळी बरोबर ठशांवर कशी पडली? तिला खरंच माहीत नव्हतं. माणसाला आपल्या हातांचं माहीत नसतं ही गोष्ट तिला आधी कुणी सांगितली असती तर ती हसली असती. आणि सांगायचं तरी कुणाला? गणूला सांगितलं तर तो डोक्याला हात लावून बसणार. गावाला कळलं तर उद्या पोलीस, परवा पेपर, खोल्यांना टाळं, कुणालीचं शिक्षण, तिचं पुढचं सगळं. सांगून पोरगा परत येणार होता का? या एका वाक्यावर तिने तेरा आठवडे काढले. वाक्य पक्कं होतं, कुठूनही ढळत नव्हतं, फक्त त्याच्या आधाराने झोप लागत नव्हती.

पोश्याला माहीत होतं. त्याने त्या दिवशी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, पोलिसांपुढेही नाही. भात झोडणीच्या वेळी, मागच्याच आठवड्यात, खळ्यावर दोघंच असताना पेंढी आपटता आपटता तो म्हणाला, “वयनी, ती डहाळी मीच ठेवलेली, आखाडात. मी बुडखा कोंडीकडं ठेवतो, पानं येणाऱ्याकडं. त्या दिसाला उलटी व्हती.” दर्शनाच्या हातातली पेंढी तशीच राहिली. “मग तू बोलला नायस कोणाजवळ?” “मी कशाला बोलू? मला कोण इचारतंय,” तो म्हणाला आणि पुढची पेंढी उचलली. थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, “त्या बाय रोज तितं बसत्यात. मी आता डहाळी बदलाया जात नाय. माझ्यानं त्यांच्या तोंडाकडं बघवत नाय.” त्यात धमकी नव्हती, आणि नव्हती म्हणूनच तो घाव वर्मी बसला.

पण सगळ्यात जिव्हारी लागलं ते जयाताईंचं बोलणं. चार दिवसांपूर्वी दोघी ओट्यावर नवे तांदूळ निवडत होत्या. जयाताईंनी पोराचा फोन पुढे केला. त्याच्या हातचा शेवटचा मजकूर त्या शुक्रवारच्या संध्याकाळचा होता, आईला पाठवलेला: ‘इथे धोक्याची पाटी नसते, डहाळी असते. काकूंनी सांगितलंय, दिसली की थांबायचं. भारी ना?’ “बघा,” जयाताई म्हणाल्या, “स्वतःच्या हाताने लिहिलंय. म्हणजे समजलं होतं. आणि तरी गेला. लहानपणापासून हेच. नको म्हटलं की तिथे बोट घालायचंच. हे गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. लोक म्हणायचे, बिनबापाचं पोर, लाडावू नकोस. मी लाडावलं. धनेशदादा बरोबर म्हणतो, माझ्या लाडांनी गेला.” त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. “दर्शनाताई, मला रडू येत नाही. तेव्हापासून एकदाही नाही. मला त्याचा राग येतो. मी त्या डहाळीसमोर बसते आणि त्याला विचारते, एवढीशी फांदी, तुला दिसली नाही? पोराच्या मरणावर रागावलेली आई बघितलीत कधी? लोकांना वाटतं मी त्याला शोधायला थांबलेय. मी राग जायची वाट बघतेय. राग गेल्याशिवाय घरी जाऊन त्याचा फोटो कसा लावू?” दर्शनाने सूप जवळ ओढलं. चार शब्द पुरले असते. त्याने ऐकलं होतं, ताई. ते चार शब्द तिच्या जिभेवर आले आणि तिने सुपातला आणखी एक खडा वेचला. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी धनेशचा फोन आला, आणि ती झटकन “बरं” म्हणाली.

साडेदहालाच गाडी आली. धनेशने ती गेटाबाहेर वळवून, तोंड रस्त्याकडे करून उभी केली आणि उतरून बॅग घेऊन गेला. जयाताई निरोप घ्यायला स्वयंपाकघराच्या दारात आल्या. शहरातली साडी, केस नीट बांधलेले. त्या बाई एकदम परक्या दिसायला लागल्या होत्या. दर्शनाने नव्या भाताचे तांदूळ कापडी पिशवीत भरून ठेवले होते, ते त्यांच्या हातात दिले. “आमच्यात रिकामं पाठवत नाय,” ती म्हणाली. हे बोलतानाच तिला आपल्या दानतीची किळस आली.

“खोली दुसऱ्या कुणाला दिलीत ते बरं केलंत,” जयाताई म्हणाल्या. “मी आपणहून उठले नसते. उशीचा अभ्रा मी घेतलाय, चालेल ना?”

“घ्या ना, ताई.”

“मघाशी शेवटचं वर जाऊन आले. त्याला सांगितलं, निघते. राग गेला नाही, तो तसाच घेऊन जाते. आता जन्मभर सांभाळीन.” त्या कसनुशा हसल्या. “तुम्हाला फार त्रास दिला.”

बाहेर धनेशने गाडीची डिकी लावली, त्याचा आवाज झाला. अजून मिनिटभर गप्प राहिलं की संपलं, दर्शनाच्या मनात आलं. गाडी मुरबाडच्या रस्त्याला लागेल, खोली धुऊन घेऊ, तारखा उघडू, नवी माणसं येतील. जयाताईंनी चपलेत पाय सरकवला. आणि दर्शनाला दिसले ते त्यांचे पाय, उंबऱ्याशी दोन्ही जोडून उभे.

“ताई, डहाळी नव्हती तिथं.”

जयाताईंनी वळून बघितलं.

“त्याने ओलांडली नाय. ती नव्हतीच. आदल्या दिवशी मी उचललेली, करटोलीला गेलेली तेव्हा. परत ठेवायची ऱ्हायली. सकाळी पयली मी गेली नि मी ठेवली. तुमी सगळ्यांनी बघितली ती मी ठेवलेली.” आवाज आपला नाही असं तिला वाटलं, पण तो थांबेना. “तो थांबला होता, ताई. त्याचे पाय उमटले होते चिखलात. दोन्ही पाय जोडून उभा ऱ्हायला, मग दगडाभवती दोनदा फिरला, दुसऱ्या वाटेवर जाऊन आला. त्याने शोधली. मी सांगितलेलं सगळं त्याने ऐकलं. नव्हती म्हणून गेला.”

तांदळाची पिशवी जयाताईंनी हळूच उंबऱ्यावर ठेवली. मग वर्गात एखाद्या मुलीला विचारावं तशा शांतपणे त्यांनी विचारलं, “दोनदा फिरला?”

“दोनदा.”

“तुम्ही कधीही विसरत नाही म्हणाला होतात. आईने मारल्यापासून. मग तेव्हा का नाही ठेवलीत?”

“फोन आला. घाईत दुसऱ्या वाटेने उतरली.”

“कुणाचा फोन?”

दर्शनाने त्यांच्याकडे बघितलं. सगळं सांगायचं असं तिने आत्ताच, या दारात, ठरवलं होतं. पण त्या डोळ्यांत आता काहीतरी हलायला लागलं होतं, तीन महिन्यांत पहिल्यांदा, आणि त्याच्यावर हे टाकायचं तिच्याने होईना.

“घरून,” ती म्हणाली. “घरून आलेला.”

जयाताई तिथेच उंबऱ्यावर, पिशवीशेजारी बसल्या. त्यांच्या तोंडून आधी नुसता श्वास आल्यासारखा आवाज आला, मग दुसरा, आणि मग त्या रडायला लागल्या, मोठ्याने, पदर तोंडाला न लावता, “ऐकलं रे, ऐकलंस तू,” म्हणत. धनेश धावत आला. “काय झालं? काय सांगितलंत तुम्ही तिला?” दर्शना भिंतीला टेकून उभी राहिली. आता हा सगळं ऐकेल, फोन लावेल, संध्याकाळपर्यंत पोलीस येतील, हे तिला स्वच्छ दिसत होतं आणि त्याची भीती वाटत होती, चांगली सणसणीत वाटत होती. पण जयाताईंनी भावाचा हात बाजूला केला. “बॅग काढ गाडीतून,” म्हणाल्या. तो वाद घालत राहिला, चिडला, गेटापर्यंत गेला, परत आला. शेवटी बॅग ओट्यावर आपटून ठेवून निघून गेला. गाडीचा आवाज मुरबाडच्या रस्त्याला लागेपर्यंत दोघी ऐकत बसल्या.

मग जयाताईंनी डोळे पुसले. “तारखा तुम्ही बंद केल्या होत्यात ना? दुसरं कुणी येणार नव्हतं.”

“नव्हतं.”

“उघडा.”

“ताई, तुमी पोलिसात…”

“आधी मला रडायचंय,” जयाताई म्हणाल्या. “तीन महिन्यांचं साठलंय, किती दिवस लागतील माहीत नाही. ते झालं की तुमचं बघते.” त्या उठल्या, बॅग त्यांची त्यांनीच उचलली आणि मागच्या खोलीत गेल्या. दार लावलं नाही. पंखा सुरू झाला.

दर्शनाने फोन घेतला. हे कसं करायचं ते कुणाली करून दाखवायची तेव्हा तिने कधी नीट बघितलं नव्हतं, तरी ती एकेक तारीख दाबत गेली, आणि करड्या पडलेल्या तारखा एकामागून एक पांढऱ्या झाल्या. उंबऱ्यावर पिशवीतले थोडे तांदूळ सांडले होते. ते वेचायला ती वाकली तेव्हा हातातला फोन टिंग करून वाजला. त्यावर नाव आलं: स्वरूप. त्या शुक्रवारी वर सपाटीवर, ओटीत करटोली असताना आलं होतं, तेच. तिने सात रात्रींची ती ओळ पुरी वाचली, फोन पालथा ठेवला आणि दोन माणसांचं डाळीचं पाणी तीन माणसांचं केलं.